समुद्र शिकवायचा, तोही घाटावरून

समुद्रातल्या जीवांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या पायाला वाळू लागलेली असतेच असं नाही. बोटीवर जाणारे थोडे. ते पाणी वर काढतात, बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळतात, तो फिल्टर गोठवून किनाऱ्यावर आणतात. त्यातला डीएनए सुटा करून यंत्राने वाचला की हाती येते ती एक फाइल. ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या ओळींमागून ओळी. तिथून पुढचं सगळं काम टेबलावर होतं. ते टेबल गोव्यातल्या दोनापावलाला असो की पुण्यातल्या पाषाणला, फाइलीला काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो त्या फाइलीचं काय करायचं हे कुणी शिकवलं आहे का, याने. आणि इथेच गाडी अडते. डेटा फुकट आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, पण पहिल्या फाइलीपासून पहिल्या निष्कर्षापर्यंत हात धरून नेणारे धडे कमी आहेत. म्हणून गेल्या काही वर्षांत जगभर हॅकेथॉनचा एक प्रकार रुळला आहे. वेगवेगळ्या गावचे संशोधक, प्रोग्रामर, शिक्षक आणि विद्यार्थी दोन-चार दिवस ऑनलाइन जमतात आणि प्रत्येकजण आपल्याला येतो तेवढ्या भागाचा धडा लिहून ठेवतो. अमेरिकेतल्या सागरी उत्क्रांतीच्या अभ्यासकांच्या गटाने 'मरीनओमिक्स' हे संकेतस्थळ अशाच सामुदायिक मेहनतीतून उभं केलं. असा हॅकेथॉन पुण्याने मराठीत भरवावा, असं माझं म्हणणं आहे. मात्र पुण्याला हॅकेथॉनची जी सवय लागली आहे, ती थोडी मोडून.

आधी ही फाइल येते कुठून ते पाहू. जीवाणूंचा अभ्यास म्हणजे त्यांना काचेच्या बशीत वाढवणं, अशी शंभरेक वर्षांची रीत होती. समुद्रातले बहुतेक जीवाणू बशीत वाढायला तयार नसतात. क्रेग व्हेंटर या अमेरिकन संशोधकाने बशीच बाजूला ठेवली. सार्गासो समुद्राचं पाणी गाळलं आणि त्यात जे कुणी असतील त्या सगळ्यांचा डीएनए एकत्रच वाचून काढला. 2004 मध्ये 'सायन्स'मध्ये त्याचा निबंध आला तेव्हा आधी कुणालाही माहीत नसलेली बारा लाखांवर जनुकं हाती लागली होती. मग 'तारा' नावाच्या फ्रेंच शिडाच्या जहाजाने 2009 ते 2013 या काळात जगभरचे समुद्र पालथे घातले. 2015 मध्ये त्या मोहिमेने जी सूची प्रसिद्ध केली तिच्यात चार कोटींच्या आसपास जनुकं होती, बहुतेक सूक्ष्मजीवांची.

आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मार्च 2021 मध्ये 'सिंधू साधना' हे जहाज विशाखापट्टणमहून काढलं. हिंदी महासागरात तीन महिन्यांची, सुमारे दहा हजार सागरी मैलांची ही फेरी होती आणि तिचा उद्देश सूक्ष्मजीवांचे जनुकीय नमुने गोळा करणं हाच होता. कोची इथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2023 मध्ये तारलीचा जीनोम वाचून जाहीर केला. जवळपास 108 कोटी अक्षरं आणि 46,316 प्रथिनं घडवणारी जनुकं. पुढच्या वर्षी त्याच संस्थेने हिरव्या शिंपल्याचा, म्हणजे मालवणकडे ज्याला शिणाणे म्हणतात त्याचा, 15 गुणसूत्रांवर मांडलेला जीनोम काढला.

अशा संशोधनातले क्रम अखेर सार्वजनिक भांडारांत ठेवले जातात. अमेरिकेतली जेनबँक 1982 पासून चालू आहे, युरोप आणि जपानमधली भांडारं रोज तिच्याशी देवाणघेवाण करतात, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये फरीदाबादला भारताचं स्वतःचं जीवशास्त्रीय विदा केंद्रही सुरू झालं. कुलूप नाही, वर्गणी नाही. सदाशिव पेठेतल्या खोलीतून रात्री दोन वाजता कुणीही तारलीचा जीनोम उतरवून घेऊ शकतो.

'पण पुण्यात समुद्र कुठे?' हा प्रश्न इथे येणारच. त्याला पुण्याच्याच इतिहासात उत्तर आहे. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला हललं, आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही रिक्षावाल्याला 'सिमला ऑफिस' म्हणूनच सांगावी लागते. मान्सून समुद्रातून येतो, त्यामुळे त्याचा अभ्यास करणाऱ्यांना समुद्राचा अभ्यास टाळता येत नाही. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की पश्चिम हिंदी महासागरात वनस्पतिप्लवकांचं प्रमाण गेल्या सहा दशकांत काही भागांत वीस टक्क्यांपर्यंत घटलं आहे. अरबी समुद्राच्या अन्नसाखळीची ही सगळ्यात खालची पायरी. ती ढासळते आहे हे कळलं ते समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर बसून.

त्याहून जुनी आणि मला जास्त आवडणारी गोष्ट शंकर पुरुषोत्तम आघारकरांची आहे. (संस्था आघारकरांची, रस्ता आगरकरांचा. दोघांची गल्लत पुण्यात इतकी सर्रास होते की टपालवाल्यांनीही ती मान्य करून टाकली असावी.) आघारकर 1884 मध्ये मालवणात जन्मले. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सह्याद्रीत भटकंती करणाऱ्या या तरुणाला साताऱ्याकडच्या घाटातल्या नदीत जेलीफिश सापडला. गोड्या पाण्यात! त्याचे भाईबंद तोवर आफ्रिकेतच ठाऊक होते. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी 1911-12च्या सुमारास त्या प्राण्याला 'लिम्नोक्निडा इंडिका' हे नाव दिलं आणि आघारकरांनी त्याच्या वावराबद्दल पुढे स्वतः लिहिलं. पेशाने ते नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, कलकत्त्याला प्राध्यापकी केली, निवृत्तीनंतर पुण्यात आले आणि 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन करण्यात पुढे राहिले. तीच आजची आघारकर संशोधन संस्था.

पुढे याच संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालं. हायड्रा हा जेलीफिशचा आणि प्रवाळाचा चुलत नातेवाईक, डबक्यातही राहणारा. डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने पुण्याच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या वाणाला 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' असं नाव पडलं आणि ते जगाच्या शास्त्रीय साहित्यात रुळलं. प्रवाळाची जनुकं समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला लक्षद्वीपचं तिकीट परवडणार नाही. त्याचा नातेवाईक मात्र शहरातच आहे, आणि हायड्राचा जीनोम 2010 पासून सगळ्यांसाठी खुला आहे.

आणि दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. नाण्यांवरचं त्यांचं काम काहींना ठाऊक असतं. पण जगातल्या जनुकशास्त्रज्ञांना त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने रोज भेटतं. गोव्यात कोसबेनला जन्मलेले कोसंबी 1930च्या दशकात आणि पुढे 1945 पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. त्या काळात त्यांनी 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये जेमतेम चार पानांचा एक निबंध लिहिला. प्रश्न असा: एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे संततीत ती किती वेळा ताटातूट होऊन उतरतात यावरून काढता येतं. पण एका ठिकाणी गुणसूत्राची अदलाबदल झाली की जवळपास दुसरी व्हायला अडथळा येतो, त्यामुळे साधा हिशेब चुकतो. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेनच्या 1919 च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरून नवं सूत्र दिलं.

ऐंशी वर्षं होऊन गेली. आज मासा, कोळंबी किंवा कालव यांचा जनुकीय नकाशा आखायला बसलेला संशोधक सॉफ्टवेअर उघडतो तेव्हा त्याला विचारलं जातं: हॉल्डेन की कोसंबी? रायगडात ज्याच्यासाठी पाहुणे पंक्तीत जीव टाकतात त्या जिताड्याचा जीनोम 2016 मध्ये सिंगापूरच्या टेमासेक प्रयोगशाळेच्या गटाने प्रसिद्ध केला. 24 गुणसूत्रं. यंत्राने वाचलेल्या तुकड्यांची जुळणी करायला जनुकीय नकाशाचा आधार लागलाच. त्या अभ्यासात जिताड्याची तीन घराणी निघाली: भारताकडचं, आग्नेय आशियातलं आणि ऑस्ट्रेलियाकडचं. म्हणजे आपला जिताडा आणि सिडनीच्या हॉटेलातला 'बारामुंडी' एकाच जातीचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांच्यातलं अंतर बरंच जुनं आहे.

कोसंबींचं उदाहरण मी मुद्दाम लांबवलं. जीवशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाने जीवशास्त्रातला अडलेला प्रश्न उचलला, हातातल्या हत्याराने सोडवला आणि चार पानांत मांडून मोकळा झाला. चांगल्या हॅकेथॉनकडून याहून वेगळी अपेक्षा काय करायची?

बाकी पुण्याची सामग्री थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वज्ञात आहे. विद्यापीठातलं जैवमाहितीशास्त्र केंद्र 1987 पासून आहे. देशात हा विषय जिथे प्रथम रुजला त्यांपैकी हे एक. सी-डॅक ही संगणन संस्था 1988 ची, तिचा 'परम 8000' महासंगणक 1991 चा. 'परम ब्रह्मा' हा महासंगणक 2019 मध्ये पाषाणच्या आयसरमध्ये आला. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडे सूक्ष्मजीवांच्या सुमारे दोन लाख वाणांचा संग्रह आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र 1959 पासून कोकण किनाऱ्यावरचे नमुने बाटल्यांत जपून ठेवतं आहे. आणि हिंजवडी ते खराडी या पट्ट्यात कोड लिहिणारी माणसं किती, हे सकाळी नऊ वाजता विद्यापीठ चौकात उभं राहून मोजावं.

०००

आता हॅकेथॉन. ही कल्पना 1999 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत 'ओपनबीएसडी'च्या दहाएक प्रोग्रामरनी एकत्र बसून काम उरकण्यासाठी काढली. बक्षीस नव्हतं, परीक्षक नव्हते. जीवशास्त्रात ती रुजवण्यात जपानचा वाटा मोठा. 2008 मध्ये टोकियोला तिथला पहिला बायोहॅकेथॉन झाला, युरोपातला 2018 पासून भरतो. करोनाच्या वर्षी, 2020 मध्ये, तो पूर्णपणे ऑनलाइन झाला आणि काम अडलं नाही.

आपल्याकडे हॅकेथॉन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो 2017 मध्ये सुरू झालेला 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'. छत्तीस तास जागरण, टी-शर्ट, चहाचे कागदी कप, शेवटी मोठ्या आकाराचा पुठ्ठ्याचा धनादेश. 2020 मध्ये त्याची सॉफ्टवेअर स्पर्धाही ऑनलाइन झाली. त्याच वर्षी 2 जुलैला तेव्हाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय, एआयसीटीई आणि सीएसआयआर यांनी करोनावरच्या औषधांच्या शोधासाठी ऑनलाइन 'ड्रग डिस्कव्हरी हॅकेथॉन' पुकारला. पुण्याच्या सी-डॅकचा त्याला हातभार होता. संगणकावर रेणू तपासायचे, विषाणूच्या प्रथिनाला कोण चिकटतं ते पाहायचं, आणि हे घरी बसून करायचं. जीवशास्त्राचा हॅकेथॉन आभासी असू शकतो ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी त्या वर्षी पडली.

माझी तक्रार स्पर्धेच्या साच्याबद्दल आहे. जिथे विजेता ठरवायचा असतो तिथे प्रत्येक गट आपलं काम झाकून ठेवतो. शेवटच्या तासात सगळं लक्ष सादरीकरणाच्या स्लाइड्सवर जातं. सोमवारी सगळे आपापल्या कॉलेजात, आणि तो कोड पुन्हा कुणी उघडत नाही. ॲपचं एक वेळ ठीक आहे. धडा मात्र असा टाकून देऊन चालत नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, बटणाची जागा बदलते, डेटाबेसचा दुवा तुटतो, आणि सहा महिन्यांनी धडा वाचणारी मुलगी तिसऱ्या पायरीवर अडकते. तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. शिकवणीच्या साहित्यातला हा सगळ्यात क्रूर दोष आहे, कारण तो शिकणाऱ्याच्या माथी मारला जातो.

'गॅलॅक्सी' या खुल्या प्रणालीच्या प्रशिक्षण मंडळींनी यावर चांगला तोडगा काढला आहे. गॅलॅक्सी ब्राउझरमध्ये चालते. जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठाचा सर्व्हर कुणालाही फुकट वापरता येतो, म्हणजे विद्यार्थ्याचा लॅपटॉप जुना असला तरी भागतं. तिचा प्रत्येक धडा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेला असतो. वर किती वेळ लागेल ते, मधे प्रश्न, प्रश्नाखाली झाकलेलं उत्तर, शेवटी लिहिणाऱ्यांची नावं. चूक दिसली तर वाचणाराच दुरुस्ती सुचवतो, कुणीतरी ती तपासून आत घेतो, आणि दुरुस्त करणाऱ्याचंही नाव यादीत चढतं. काही धडे स्पॅनिशमध्येही आहेत. मराठीत असायला तांत्रिक अडचण एकही नाही.

धडा म्हणजे नेमकं काय, हे एका उदाहरणाने दाखवतो. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला, म्हणजे सरंग्याला, राज्यमासा केलं. पिल्लं पकडली जात असल्याने हा मासा घटतो आहे, हे त्यामागचं एक कारण. तर धड्याचा नायक सरंगा.

विद्यार्थ्याने जेनबँकेतून सरंग्याचा 'सीओआय' जनुकाचा क्रम उतरवायचा. प्राणी ओळखण्यासाठी जगभर वापरतात तो हा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा. दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा, म्हणून त्याला डीएनए बारकोडच म्हणतात. फाइल उघडली की पहिल्या ओळीत एक टोकदार खूण, तिच्यापुढे नोंदीचा क्रमांक आणि माशाचं नाव, आणि खाली अक्षरांची रांग. आता तीन-तीन अक्षरं घेऊन त्यांचं प्रथिनात भाषांतर करायचं. तीन अक्षरांचा संकेत आणि त्याचं अमिनो आम्ल हे दहावीच्या विज्ञान भाग 2 च्या पहिल्याच पाठात येऊन गेलेलं असतं, तेव्हा हे काही आकाशातून पडलेलं नाही.

पोरगं नेहमीचा तक्ता लावतं आणि गडबड होते. प्रथिन थोडं पुढे जातं, थांबतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. मधेच 'थांबा'चे संकेत. जिवंत माशाचं इतकं महत्त्वाचं प्रथिन असं तुटक कसं असेल? फाइल खराब आहे का? फाइल ठणठणीत असते. हे जनुक पेशीकेंद्रकातलं नाही, तंतुकणिकेतलं आहे. पृष्ठवंशी प्राण्यांच्या तंतुकणिकेचा तक्ता थोडा वेगळा असतो. नेहमीच्या तक्त्यात टी-जी-ए म्हणजे 'थांबा', तंतुकणिकेत मात्र टी-जी-ए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. सॉफ्टवेअरमध्ये तक्ता क्रमांक 2 निवडला की प्रथिन एका दमात पूर्ण वाचता येतं.

ही एक खाच नीट समजावण्यासाठी धड्यात अर्धा तास द्यावा लागतो. तज्ज्ञ ती विसरलेला असतो, कारण त्याचा हात आपोआप दोन नंबरवर जातो. जो गेल्याच महिन्यात तिथे अडखळला त्याने तो परिच्छेद लिहावा. धडे लिहिण्याच्या हॅकेथॉनमध्ये विद्यार्थी हवेत ते यासाठी.

दुसरी पायरी नावाची. सरंग्याचा क्रम 'ब्लास्ट' या 1990 पासून वापरात असलेल्या शोधयंत्रात टाकला की त्याच्याशी जुळणारे क्रम नावांसकट समोर येतात. इथे धड्याने विद्यार्थ्याला सावध करायला हवं. पुस्तकांत रुपेरी पापलेट म्हणजे 'पाम्पस अर्जेंटियस' असं छापलेलं असतं. पण गेल्या काही वर्षांत वर्गीकरणाच्या अभ्यासकांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून भारतीय किनाऱ्यावरचा सरंगा 'पाम्पस कॅन्डिडस' असल्याचं मांडलं आहे. क्युव्हिएने 1829 मध्ये दिलेलं आणि मधल्या काळात अडगळीत पडलेलं हे नाव. पाम्पस प्रजातीच्या जुन्या नोंदींत नावांचा घोळ आहे हे संशोधकांनी लिहूनही ठेवलंय. तेव्हा यंत्राने सांगितलेलं नाव हा एक दावा आहे, तो कुणी, केव्हा आणि कोणता मासा हातात धरून केला हे तपासायचं, इतकं शहाणपण विद्यार्थ्याला राज्यमाशाच्या निमित्ताने येतं. प्रवेश परीक्षेच्या कोणत्याही क्लासमध्ये ते मिळणार नाही.

तिसरी पायरी मासळी बाजारातल्या सगळ्यांना रस वाटावा अशी. सरंग्याबरोबर हलवा, सुरमई आणि बांगडा यांचेही क्रम घ्या आणि कोण कुणाचं जवळचं ते पाहा. बाजारात हलव्याला काळं पापलेट म्हणतात, दोघं शेजारी मांडलेले असतात, आकारही तसाच. पण हलवा पापलेटाच्या कुळातला नाही, तो कॅरँगिडे कुळातला. अनेक जनुकं घेऊन झालेल्या अभ्यासांत पापलेटाचं घराणं निघालं सुरमई-बांगड्याच्या गोतावळ्यात! दिसायला बांगडा कुठे आणि पापलेट कुठे. एकट्या सीओआयने मात्र इतकी जुनी नाती भरवशाने उलगडत नाहीत. विद्यार्थ्याने काढलेला वंशवृक्ष कदाचित चुकीचाही येईल, आणि साडेसहाशे अक्षरांवर किती विश्वास टाकायचा हे त्याला तिथे कळेल. असा चुकणारा वृक्ष धड्यात मुद्दाम ठेवावा.

०००

हे ऑनलाइन का? कारण धडा चांगला व्हायचा तर घाटाखालची माणसं त्यात हवीत. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय 1981 पासून आहे, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 ची, दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था 1966 ची. पुण्याचा कोड लिहिणारा मुलगा सरंगा आणि हलवा यांत गफलत करेल, शिरगावची मुलगी करणार नाही. उलट तिला सर्व्हरशी बोलायची भीती वाटत असेल तर ती पुण्याच्या मुलाने घालवावी. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जीवांची नोंद करणाऱ्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमात 2017 पासून सामान्य नागरिक ओहोटीच्या वेळी खडकांत फिरून फोटो टिपतात. त्यांच्याकडे नावं, जागा आणि तारखा आहेत. नमुना कुठे, किती खोलीवर, कोणत्या दिवशी घेतला ही नोंद नसेल तर जीनोम कितीही महागड्या यंत्रावर वाचलेला असो, त्याची निम्मी किंमत जाते. सगळ्यांना एका सभागृहात आणायचं तर वरंधा घाट पावसाळ्यात बंद, एसटीला आठ तास आणि मुलींच्या राहण्याची सोय कोण बघणार हा प्रश्न. ऑनलाइनमध्ये या कटकटी मिटतात. वीज आणि रेंज यांचं रडगाणं राहील, म्हणून कामाचे तुकडे लहान ठेवायचे आणि छत्तीस तासांच्या जागरणाऐवजी तीन शनिवार-रविवार घ्यायचे.

मराठीत का, या प्रश्नावर मी भावुक होणार नाही. इंग्रजी या क्षेत्रात लागतेच, आज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागतात, निबंध इंग्रजीत वाचावे लागतात. पण पहिल्या दहा तासांत विषय नवा, यंत्र नवं आणि भाषाही परकी असा तिहेरी बोजा टाकला की पोरं निघून जातात. त्यातला एक उतरवता येतो. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, पायथन यांचे धडे मराठीत ध्वनिमुद्रित करून कधीच ठेवले आहेत, म्हणजे पाया तयार आहे. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने 2021 पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला घेतली. त्या वर्गातल्या मुलांना करण्याजोगं खरं काम हवंच असेल. आणि जिथे 'सृष्टिज्ञान' मासिक 1928 पासून विज्ञान मराठीत मांडत आलं आहे त्या शहरात लिहिणारे सापडणार नाहीत, हे मला कुणी पटवून देऊ नये.

या सगळ्यामागे पैशाचाही प्रश्न आहे, आणि तो छोटा नाही. 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये 2018 साली एक अभ्यास आला. समुद्री जीवांच्या जनुकांवर जगात कुणी किती पेटंटं घेतली याची मोजदाद त्यात होती. 862 जातींमधले 12,998 क्रम पेटंटात अडकलेले निघाले. त्यातले 47 टक्के एकट्या बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या नावावर, आणि जवळजवळ सगळे मोजक्या दहा देशांतल्या अर्जदारांचे. जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने 2008 चं नोबेल मिळवून दिलं, समुद्री स्पंजातून सुचलेलं सायटाराबिन रक्ताच्या कर्करोगावर वापरलं जातं. या खजिन्यात मोल आहे हे ज्यांना वाचता येतं त्यांना फार आधी कळलं.

खुल्या महासागरातल्या जैवविविधतेबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार 19 जून 2023 ला स्वीकारला गेला आणि भारताने सप्टेंबर 2024 मध्ये त्यावर सही केली. समुद्री जनुकीय साधनांचे लाभ वाटून घेणं आणि विकसनशील देशांची क्षमता वाढवणं, ही दोन्ही कलमं त्यात आहेत. भारताने 2021 मध्ये मंजूर केलेल्या सखोल सागर अभियानाचा खर्च पाच वर्षांसाठी 4,077 कोटी रुपये धरलेला होता, आणि खोल समुद्रातल्या जीवांचा शोध हा त्याचा एक भाग. जहाजं आणि पाणबुड्या यांवर एवढा खर्च करणाऱ्या देशात क्रम वाचू शकणारी पोरं जिल्ह्याजिल्ह्यांत हवीत. कराराचे लाभ कागद वाचता येणाऱ्याला मिळतात, आणि इथला कागद चार अक्षरांत लिहिलेला आहे.

तर पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने पुढाकार घ्यावा. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा संगणक, कोणत्याही विभागाने, शक्यतो दोन विभागांनी मिळून. बक्षीस ठेवू नये. प्रत्येक धड्यावर लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव ठेवावं आणि परवाना खुला ठेवावा, म्हणजे रत्नागिरीची शिक्षिका तो न विचारता वापरेल, बदलेल. हॅकेथॉन उरकल्यावर प्रत्येक धड्याला एक पालक नेमावा. वर्षातून दोनदा त्याने धडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः करून पाहायचा, जे तुटलं ते दुरुस्त करायचं. या कामाचे विद्यार्थ्याला श्रेयांक द्यावेत आणि प्राध्यापकाच्या मूल्यांकनात ते धरावं, नाहीतर कुणी करणार नाही. ज्यांना कोड येत नाही त्या वाचकांनी धडे वाचावेत आणि जिथे मराठी कळली नाही तिथे खूण करावी, तेही कामच आहे. सुरुवात सरंग्याने करा. त्याचे क्रम जेनबँकेत आजही फुकट मिळतात.